थायमोसिन म्हणजे काय? भावाच्या टीममध्ये सुया मारायलेत, आणि ते ऑस्ट्रेलियातलं एसेंडन प्रकरण नक्की काय होतं?

रंकाळाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, लांबणार आहे पण पूर्ण वाचा, घरात दोन रात्री कुणाला नीट झोप नाही.

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा, पेठेतल्या एका टीमकडनं मिडफिल्डला खेळतो. टीमचं नाव सांगणार नाही, कोल्हापुरात टीमचं नाव घेतलं की मूळ विषय राहतो बाजूला आणि पेठा भांडायला लागतात. पाचवीत होता तेव्हापासून शाहू स्टेडियमला मॅच असली की शाळा बुडवून पायऱ्यांवर जाऊन बसायचा, आणि यंदा तो त्याच ग्राउंडवर सीनियर टीमकडनं उतरला. आमच्या वडिलांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटलेत. हे एवढ्यासाठी सांगितलं की त्याला "सोड टीम" म्हणणं आमच्या घरात किती अवघड आहे ते कळावं.

यंदा टीमला एक बाहेरचा फिटनेसवाला मिळालाय. माणूस बोलायला चांगला, पोरं लई खूश, कारण आधी फिटनेस म्हणजे पहाटे रंकाळ्याला राऊंड मारायचे आणि वर दोन उकडलेली अंडी, आता स्ट्रेचिंग काय, बर्फात पाय काय, सगळं प्रोफेशनल. मग दिवाळीनंतर त्यानं मॅचच्या दुसऱ्या दिवशी "रिकव्हरी" म्हणून इंजेक्शन द्यायला सुरू केलं. तालमीत नाही, त्याच्या ओळखीच्या कुणाच्या तरी खोलीवर. पोटाला सुई. पोरांकडनं एका कागदावर सह्या घेतल्यात, कागद इंग्रजीत, कॉपी कुणालाच दिली नाही. आणि वर सांगितलंय की घरात बोलू नका, दुसऱ्या टीमला कळलं तर तेही सुरू करतील.

आईला कळलं ते भावाच्या बनियनला बेंबीजवळ रक्ताचा ठिपका दिसला म्हणून. त्याला खोदून विचारलं तर म्हणाला एक बी ट्वेल्व आहे आणि दुसरं "थायमोसिन का कायतरी". बाटलीवर लेबल होतं का विचारलं तर म्हणे बघितलं नाही, सगळेच घेत होते.

मी रात्री तो शब्द मोबाईलवर शोधला तर औषधाची माहिती कमी आणि ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन नावाच्या क्लबच्या बातम्याच जास्त. त्यांच्या त्या फुटबॉलमधलं मला ओ का ठो कळत नाही, लांबट बॉल हातात घेऊन पळतात एवढंच दिसलं, पण वाचता वाचता अंगावर काटा आला, कारण तिथंही बाहेरनं आलेला माणूस, तिथंही सह्या, तिथंही पोटाला सुया. आणि शेवटी शिक्षा ३४ खेळाडूंना. हे खरं आहे का? क्लबनंच दिलं असताना पोरांना का धरलं? आणि आम्ही आता काय करावं, त्या माणसाला जाऊन धरावं का आधी भावाला टेस्ट करून घ्यावी? ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगा.

---

मंगळवारपेठ_ते_मेलबर्न यांचं उत्तर

भावा, तुझी पोस्ट ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचली आणि स्टेशन चुकलं. मी मूळचा मंगळवार पेठेतला, २०११ पासून मेलबर्नला. हे प्रकरण फुटलं तेव्हा इथंच होतो, दोन-तीन वर्षं कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एसेंडन म्हणजे काय ते समज. आपल्याकडं जशी पेठेची टीम, घराण्यात चालत आलेली, आजोबा त्याच टीमचे नातू त्याच टीमचा, तसं हे मेलबर्नमध्ये. १८७० च्या दशकातला क्लब, १६ वेळा चॅम्पियन, काळ्या जर्सीवर तिरका लाल पट्टा. त्यांचा कोच होता जेम्स हर्ड, त्याच क्लबचा जुना हिरो, २००० साली कॅप्टन म्हणून कप जिंकून दिलेला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलेलं. म्हणजे हे कुठल्या फालतू क्लबात घडलं नाही, पैसा होता, स्वतःचे डॉक्टर होते, सगळं होतं.

२०१२ च्या हंगामासाठी त्यांनी स्टीफन डँक नावाचा स्पोर्ट्स सायंटिस्ट घेतला. त्यानं पोरांना सुयांचा कार्यक्रम लावून दिला. सह्यांचा फॉर्म होता त्यावर चार गोष्टींची नावं होती, त्यात एक एओडी-९६०४ म्हणून चरबी कमी करायला काढलेलं औषध, जे माणसांवर वापरायला कुठंच मंजूर झालेलं नव्हतं, आणि एक नुसतं "थायमोसिन". इथंच खरी मेख आहे, नीट वाच. थायमोसिन हे एका औषधाचं नाव नाही. थायमोमोड्युलिन म्हणून एक आहे, वासराच्या थायमस ग्रंथीपासून काढतात, प्रतिकारशक्तीसाठी, त्याला बंदी नाही. आणि थायमोसिन बीटा-४ म्हणून दुसरं, जखम, स्नायू लवकर भरून यावेत म्हणून वापरतात, त्याला सक्त बंदी. फॉर्मवर कुठलं ते लिहिलेलंच नव्हतं. पोरांनी सही केली ती अर्ध्या नावावर. तुझ्या भावाला पण तेवढंच अर्धं नाव सांगितलंय, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

क्लबचे डॉक्टर होते ब्रूस रीड, जुने जाणते, त्यांनी २०१२ च्या जानेवारीतच पत्र लिहून आक्षेप घेतला होता, मला विचारत नाहीत, हे मला पटत नाही म्हणून. त्या पत्राचं कुणी काही केलं नाही. काही इंजेक्शनं तर क्लबच्या बाहेर दुसऱ्या क्लिनिकमध्ये दिली. बाहेरची खोली. कळलं ना?

५ फेब्रुवारी २०१३ ला क्लब स्वतःच पुढं आला, आमच्याकडं काय दिलं गेलं याची चौकशी करा म्हणाला. मग क्लबनंच झिगी स्विटकोव्स्की नावाच्या मोठ्या माणसाला चौकशीला बसवलं, त्यांनी मे महिन्यात अहवाल दिला, त्यात क्लबमध्ये औषधांचे प्रयोग चालल्यासारखं वातावरण होतं, कुणाचा धड ताबा नाही, कुणी जाब विचारला नाही, नोंद नाही, असं स्पष्ट लिहिलं. ऑगस्टमध्ये लीगनं, म्हणजे ती स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेनं, क्लबला २० लाख डॉलर दंड केला, त्या वर्षीच्या फायनल्समधनं बाहेर काढलं, हर्डला १२ महिने सस्पेंड.

आता खेळाडूंचं. मार्च २०१५ मध्ये लीगच्या ट्रिब्युनलनं ३४ च्या ३४ जणांना सोडलं, पुरावा पुरेसा पटत नाही म्हणाले. इथल्या पबमध्ये लोक रडले त्या दिवशी आनंदानं. पण वाडा म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्था, तिनं स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडं अपील केलं, आणि १२ जानेवारी २०१६ ला निकाल आला, सगळे दोषी, दोन वर्षं बंदी. आधीचे दिवस वजा करून २०१६ चा अख्खा हंगाम गेला. त्यातले १२ जण तेव्हाही एसेंडनमध्ये होते, काही दुसऱ्या क्लबात गेलेले, बाकीचे खेळायचे थांबलेले. क्लबला बाहेरनं तात्पुरते १० खेळाडू भरावे लागले, अख्ख्या हंगामात तीन मॅच जिंकल्या, शेवटचा नंबर.

एकाही पोराची डोप टेस्ट पॉझिटिव्ह आली नव्हती, हे लक्षात घे. लवादानं सांगितलं की पुरावा म्हणजे साखळी नाही, एक कडी तुटली की संपलं असं नसतं, पुरावा म्हणजे दोरखंडाचे पदर, एकेक पदर बारीक असला तरी सगळे पिळले की दोर तयार होतो. मेसेज, सह्या, माल कुठनं आला, पोरांनी काय सांगितलं, सगळे पदर.

आणि "क्लबनं दिलं, मी काय करू" हे त्यांनी का ऐकलं नाही, तर दोन गोष्टी. एक, पोरांपैकी कुणी डॉक्टर रीडना जाऊन विचारलं नाही. दुसरी, डोप टेस्टला गेलं की फॉर्मवर गेल्या सात दिवसांत काय काय घेतलं ते लिहायचं असतं, त्या काळात टेस्ट झालेल्या पोरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहिल्या, डोकेदुखीची गोळी लिहिली, पण थायमोसिनचं इंजेक्शन कुणीच लिहिलं नाही. लवादानं यावर बोट ठेवलं, जर सगळं सरळ होतं तर लपवलं का?

म्हणून तुझ्या पोस्टमधलं "घरात बोलू नका" हे वाक्य मला सुईपेक्षा जास्त खटकलं.

---

कट्ट्यावरचा_बॅक यांचं उत्तर

मेलबर्नवाल्या दादा माहिती एक नंबर पण मला निकाल अजिबात पटलेला नाही. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं, समोर क्लबचा हिरो कोच म्हणून बसलाय, त्यानं आणलेला माणूस सांगतोय हे घे नियमात आहे, तिथं कुठलं पोरगं उभं राहून मला डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवा म्हणंल? म्हटलं तर दुसऱ्या मॅचला बेंचवर. मी स्वतः आठ वर्षं बॅकला खेळलोय, एका सिझनला गुडघा सुजलेला असताना टीमच्या माणसानं आणलेलं इंजेक्शन घेऊन सेमीफायनल खेळलो, काय होतं त्यात मला आजही माहीत नाही, आणि तो गुडघा आता जिना उतरताना बोलतो. मला कुणी त्या वेळी विचारायची सवयच लावली नव्हती. शिक्षा द्यायची तर आधी मोठ्यांना द्या.

---

मंगळवारपेठ_ते_मेलबर्न

बॅक भाऊ, मोठ्यांना पण झाली. डँकवर २०१५ ला आजन्म बंदी आली, त्यानं मात्र कायम आपण चुकीचं काही केलं नाही असंच सांगितलंय. हर्ड परत कोच झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोडून गेला. क्लबवर कामगार सुरक्षेच्या कायद्याखाली खटला झाला, क्लबनं गुन्हा कबूल केला, २ लाख डॉलर दंड. तो खटला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण त्यात डोपिंगचा प्रश्नच नव्हता, पोरांना कामाच्या जागी सुरक्षित ठेवलं नाही एवढाच मुद्दा.

पण तुमचं म्हणणं मला कळतंय. जोब वॉटसन म्हणून कॅप्टन होता, त्याचे वडील टिम वॉटसन पण त्याच क्लबचे मोठे खेळाडू. जोबला २०१२ चं ब्राउनलो मेडल मिळालेलं. ते कसं असतं, दर मॅचला अंपायरच तीन, दोन, एक असे मार्क देतात, आणि नावच आहे सगळ्यात चांगला आणि सगळ्यात सभ्य खेळाडू. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं ते मेडल सोडलं, मग ट्रेंट कॉचिन आणि सॅम मिचेल या दोघांना दिलं गेलं. बंदीच्या वर्षी तो न्यूयॉर्कला जाऊन कॉफीच्या दुकानात काम करत होता. या माणसानं मुद्दाम फसवलं असं मला कधीच वाटलं नाही. तरी पण अंग त्याचं होतं, आणि त्या अंगात काय गेलं हे आज त्यालाही खात्रीनं सांगता येत नाही. क्लबकडं नोंदच नाही. पोरं झाली, बाप झाली, आणि पुढं काही दुखणं निघालं तर डॉक्टरला काय सांगायचं हेच माहीत नाही. मला तर बंदीपेक्षा हे भयंकर वाटतं.

---

औषधवाली_राजारामपुरी यांचं उत्तर

मी फार्मासिस्ट आहे, १४ वर्षं काउंटरवर आहे. रंकाळाकाठ, तुम्ही आधी भावाला एकच प्रश्न विचारा, त्या बी ट्वेल्वच्या इंजेक्शनचा रंग काय होता? बी ट्वेल्व लाल असतं. फिकट केलं तरी गुलाबी दिसतं. पाण्यासारखं पांढरं स्वच्छ बी ट्वेल्व मी आजवर बघितलेलं नाही. तो पाण्यासारखं म्हणाला तर ते बी ट्वेल्व नव्हतं एवढं नक्की समजा. शिवाय बी ट्वेल्व सहसा दंडाला किंवा कमरेला स्नायूत देतात, पोटाच्या चरबीत बारीक सुई म्हटलं की माझ्या डोक्यात इन्सुलिन नाहीतर पेप्टाइड येतं.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, हे थायमोसिन बीटा-४ वगैरे. छोटी बाटली येते, तळाला पांढरी पावडर, त्यात पाणी घालून सिरिंजनं ओढायचं. ऑनलाइन मिळणाऱ्या असल्या बाटल्यांवर बरेचदा "फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लेबल काढून टाकायचं कारण तेच. आपल्या देशात कायदेशीर औषधाच्या बाटलीवर कंपनीचं नाव, लायसन्स नंबर, बॅच नंबर, एक्स्पायरी हे सगळं असायलाच पाहिजे, आणि दुकानातनं घेतलं तर बिल असतं, बिलावर तोच बॅच नंबर असतो. तुम्ही त्या माणसाला दुसरं काही विचारू नका, रिकामी बाटली आणि बिल दाखव म्हणा. देणारा सरळ असेल तर पाच मिनिटात दाखवेल.

आणि एका बाटलीतनं किती पोरांना दिलं? सुई प्रत्येकाला नवी होती का? हे विचारायला विसरू नका. सिरिंज बदलली नाही आणि नुसती सुई बदलली तरी कावीळ बी, कावीळ सी पसरू शकते. मेडल-बंदी सगळं नंतर, आधी भावाचं रक्त तपासून घ्या, हिपॅटायटीस बी, सी, एचआयव्ही, आणि लिव्हर-किडनी. लगेच आजची निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, काही आठवड्यांनी परत करायला लागते, ते तुमचे डॉक्टर सांगतील. डॉक्टरपासून काही लपवू नका.

अजून एक, कारण आपल्याकडं हे सर्रास चालतं. मॅचनंतर थकवा आला की "एक सलाईन लावून घे" म्हणतात. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त सलाईन शिरेतनं घेणं हे खेळाच्या नियमात स्वतःच बंदीत येतं, हॉस्पिटलमध्ये खऱ्या उपचारासाठी असेल तर गोष्ट वेगळी. आत नुसतं मीठपाणी असलं तरीही. पेठेतल्या किती पोरांना हे माहीत असेल?

भरतीची तयारी करणारी आणि जिमची पोरं माझ्याकडं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन मागायला येतात. ते ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिल्यावर बीपी पडलं तर वर आणायला असतं, धडधाकट पोरानं टोचलं तर हृदय कुठल्या वेगानं पळेल सांगता येत नाही, आणि ते पण बंदीच्या यादीत आहे. मी दर वेळी हाकलते, पण एकदा एक पोरगं म्हणालं, ताई तुम्ही नाही दिलं तर दुसरीकडं मिळतंय. त्याच्या हाताच्या शिरा बघून मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. म्हणून तुमच्या आईला सांगा, तिनं बनियन नीट बघितलं हे फार मोठं काम केलं.

---

स्टेडियमवाला यांचं उत्तर

एक विनंती, या धाग्यावरनं अख्ख्या कोल्हापूरच्या फुटबॉलला नावं ठेवू नका. इथं चाळीस डिग्री उन्हात पोरं काम सांभाळून खेळतात, तालमीतली म्हातारी माणसं स्वतःच्या खिशातनं बूट घेऊन देतात. एका माणसानं घाण केली तर त्या माणसाला धरा. पण दाबून पण टाकू नका. आपल्यात हंगाम संपू दे मग बघू असं म्हणायची सवय आहे, आणि हंगाम संपला की कुणी बघत नाही.

---

लाल_माती यांचं उत्तर

मी फुटबॉलवाला न्हाई, कुस्तीवाला. वय ६१. नातवानं हे वाचून दाखवलं, तोच लिहून द्यायलाय, मी सांगतोय.

आमच्या टायमाला वस्ताद स्वतः उभं राहून बदाम घासून घ्यायचे, थंडाई आमच्या डोळ्यापुढं व्हायची. दूध कुणाच्या म्हशीचं हाय ते आमाला ठावं असायचं. वस्ताद सांगायचे, लेकरांनो, दुसऱ्याच्या हातचं पाणी बी मैदानाच्या आदल्या दिवशी पिऊ नका. तवा वाटायचं म्हातारा उगंच संशय घेतोय. मग २०१६ ला नरसिंग यादवचं झालं. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, रिओ ऑलिंपिकला चाललेला. तपासणीत मेथँडायनोन नावाचं बंदीचं स्टेरॉइड सापडलं. पोरगं म्हणालं माझ्या खाण्यात कुणीतरी मिसळलं. दिल्लीत नाडानं, म्हंजी आपल्या देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेनं, त्याला सोडलं, आमी खासबागेत टाळ्या वाजवल्या. आणि परत तेच, जागतिक संस्था अपिलात गेली, तिकडं रिओत, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षं बंदी. घरच्यांनी सोडलेलं पोरगं बाहेरच्यांनी धरलं. ह्या ऑस्ट्रेलियावाल्यांचं वाचताना मला सारखं त्येच आठवायलंय.

त्याच्या खाण्यात मिसळलं का न्हाई मला ठावं न्हाई, पण कायदा इचारतो एकच, तुझ्या अंगात कसं गेलं ते तू सिद्ध कर. न्हाई जमलं तर तू गेलास. हा कायदा कडक हाय, कधी कधी निर्दय हाय. पर तो तसा हाय म्हणूनच वस्तादानं, कोचनं, पोराच्या तोंडात काय जातंय त्यावर डोळा ठिवायचा असतो. तुमच्या त्या टीमचे मोठे लोक कुठं हायत? पोरांस्नी खोलीवर न्हेत असताना त्यांनी इचारलं कसं न्हाई?

बाळा, तू एकटा त्या माणसाला धराय जाऊ नको. तालमीतली चार जुनी माणसं घेऊन जा. आणि पोराला रागवू नको, त्यानं खरं सांगितलंय.

---

मंगळवारपेठ_ते_मेलबर्न

काका, नरसिंगचं मी विसरलोच होतो, अगदी तंतोतंत.

रंकाळाकाठ, अजून एक सांगायचं राहिलं. तो डँक एसेंडनच्या आधी सिडनीच्या बाजूला क्रोनुला म्हणून रग्बीच्या टीमला होता, २०११ ला. तिथल्या पोरांना पण असलंच काही दिलं गेलेलं. त्यांनी २०१४ मध्ये मान्य केलं, बारा महिन्यांची बंदी घेतली, तीही मागच्या तारखेपासून मोजली, म्हणजे प्रत्यक्षात थोड्याच मॅच गेल्या. एसेंडनच्या पोरांनी शेवटपर्यंत लढायचं ठरवलं. कोण बरोबर हे मी ठरवत नाही, ज्याला आपण निर्दोष आहोत असं मनापासून वाटतं त्यानं लढावंच. पण तुझ्या भावानं आजच सगळं लिहून ठेवलं, डॉक्टरला सांगितलं, तर उद्या संतोष ट्रॉफीच्या कॅम्पला किंवा एखाद्या मोठ्या क्लबात निवड झाली, नाडाची माणसं बाटली घेऊन समोर आली, तर त्याच्याकडं सांगायला खरी गोष्ट असेल. आणि इथनं पुढं कुठलंही औषध घ्यायच्या आधी नाडाचं 'नो युअर मेडिसिन' नावाचं ॲप आहे त्यात नाव टाकून बघायचं. आपल्याकडं २०२२ ला संसदेनं डोपिंगविरोधी कायदा पण केलाय.

---

रंकाळाकाठ (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला.

रंग विचारला. पाण्यासारखा. दोन्ही बाटल्या पाण्यासारख्या. औषधवाली ताई, तुमचं उत्तर मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, दादा मला वाटलेलं विचारलं तर मला टीमबाहेर काढतील.

काकांनी सांगितलं तसं केलं. तालमीतल्या तीन जुन्या माणसांना घरी चहाला बोलावलं, त्यातल्या एकांना खरंच काही माहीत नव्हतं, ते ऐकून उठूनच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिटनेसवाल्याकडं बाटल्या, बिल आणि सह्यांचा कागद मागितला. उद्या आणतो म्हणाला. तो उद्या अजून आलेला नाही, फोन बंद आहे, खोलीला कुलूप आहे. अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज द्यायचा ठरलंय, पाच पोरं सही करायला तयार आहेत, बाकीची घाबरलेली आहेत, दोघांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. एकाच्या वडिलांनी दारातनंच परत लावलं, म्हणाले आमच्या पोराचं करिअर बुडवू नका.

रक्ताचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, डॉक्टरांनी परत करायला सांगितलंय, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. सुई नवी होती असं भाऊ म्हणतो, सिरिंजचं त्याला आठवत नाही.

भाऊ दोन मॅच बसला. कुणी काढलं नाही, त्यानं स्वतःच सांगितलं. काल शाहू स्टेडियमला पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसून मॅच बघत होता, पाचवीत असताना बसायचा त्याच बाजूला.

मेलबर्नवाल्या दादांनी सांगितलेलं लिहायचं काम रात्री केलं. आईनं शंभर पानी वही दिली, वरती भावानं स्वतःचं नाव घातलं आणि कुठल्या तारखेला, कुठल्या मॅचनंतर, कुठल्या बाजूला सुई, किती ओढलं असेल, सोबत कोण होतं, असं आठवून लिहायला घेतलं. मॅचच्या तारखांवरनं चार वेळचं जुळलं. सुया पाच होत्या हे त्याला नक्की माहीत आहे. पाचवी कधीची ते रात्री दोनपर्यंत बसलो तरी आठवलं नाही, ती ओळ मोकळी सोडलीय.